शोध कोणाचा, हक्क कोणाचा?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत ‘नवउद्योग आणि बौद्धिक संपदा’ या विषयावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आमचा व्यवसाय मागणीपत्रे लिहिण्याचा, गेटसभा घेण्याचा आणि कामगार आयुक्तांच्या कचेरीत बाकावर बसून तारखा मोजण्याचा. शाळा आमची लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकात झाले. तेव्हा विद्वत्तेचा दावा आमचा नाही. परंतु हा विषय आमच्याकडे पुस्तकातून आला नाही, वसईच्या एका गाळ्यातून आला. म्हणून प्रथम त्या गाळ्याची हकिकत सांगतो.

१९९८ सालची गोष्ट. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेस गाळ्यांच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या एका गाळ्यात पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग काढीत. प्रेसवर बोटे जाणे ही तेथे नवलाईची गोष्ट नव्हती. तेथल्या एका मेस्त्रीने भंगारातली सायकलची साखळी, दोन स्प्रिंगा आणि एक लोखंडी पट्टी घेऊन अशी सरक तयार केली, की पत्रा आपोआप डायखाली जावा आणि माणसाचा हात बाहेर राहावा. बोटे वाचलीच, शिवाय पाळीचे कामही वाढले. मालक खूश झाला. त्याने ती सरक एका प्रदर्शनात मांडली, तिची छायाचित्रे वाटली, आल्यागेल्यास कौतुकाने दाखविली. सहा महिन्यांत शेजारच्या वसाहतीत हुबेहूब तशीच सरक चालू झाली. मालकाचे डोके फिरले. मेस्त्रीनेच ती विकली असा आळ घेऊन त्याने त्यास निलंबित केले.

आम्ही भांडलो. चौकशीत आळ टिकला नाही, कारण सरक उघड केली होती ती मालकानेच. मेस्त्री कामावर परत गेला, बुडालेला पगार मिळाला, आणि आम्ही विजयाचे पेढे वाटले. परंतु त्या चौकशीत एक गोष्ट उघडी पडली. सरकेचा एकही नकाशा नव्हता, तारखेचा एकही कागद नव्हता. मालकास ती आपली म्हणता येईना, मेस्त्रीस आपली म्हणता येईना. ती सर्वांची झाली. म्हणजेच ज्याच्याजवळ अधिक भांडवल, त्याची झाली. आमच्या तडजोडीच्या कागदातही ‘ही सरक अमुक कामगाराने केली’ असे एक वाक्य आम्ही घातले नाही. आम्हांस ते सुचलेच नाही. ही चूक मालकाची जितकी, तितकीच आमची. तेव्हापासून हा प्रश्न आमच्या मागे लागला आहे : शोध कोणाचा आणि हक्क कोणाचा?

या प्रश्नाचा इतिहास पाहू लागलो, तो पहिल्याच पानावर आम्हांस एक मजूर भेटला. हिंदुस्थानात शोधकास हक्क देणारा पहिला कायदा १८५६ साली झाला. त्या कायद्याखाली पहिला अर्ज कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग या इंजिनियराने केला. त्याचा शोध कसला? तर पंखा ओढण्याच्या यंत्राचा! साहेबाच्या डोक्यावरचा कापडी पंखा दोरीने ओढीत बसणारा जो पंखेवाला, त्याचे काम यंत्राने व्हावे, हा या देशातला कागदोपत्री पहिला शोध. शोधकाचे नाव दप्तरात आहे. ज्यांचे हात त्या दोरीला होते त्यांची नावे कोठेही नाहीत. यंत्रास आमचा विरोध नाही. दोरी ओढण्यात कसला आला आहे पुरुषार्थ! परंतु दप्तरात कोणाचे नाव लागते आणि कोणाचे लागत नाही, हे त्या दिवसापासून ठरत आले आहे.

तो पहिला कायदा राणी सरकारच्या संमतीवाचून झाला म्हणून १८५७ साली रद्द झाला आणि १८५९ साली नव्याने आला. पुढे १९११ चा कायदा झाला, आणि स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालावरून १९७० चा कायदा झाला. तोच दुरुस्त्यांसह आज चालू आहे. या सर्वांचा गाभा एकच. पेटंट, ज्यास सरकारी मराठीत ‘एकस्व’ म्हणतात, ते बक्षीस नव्हे. तो सौदा आहे. शोधकाने आपली युक्ती उघड लिहून द्यावी, आणि त्याबदल्यात सरकारने ठरावीक मुदतीपर्यंत, आज ती २० वर्षे आहे, इतरांस ती वापरण्यास मनाई करण्याचा हक्क त्याला द्यावा. मुदत संपली की युक्ती जगाची. यात दोन शब्द ध्यानात धरावे : लिहून आणि मुदत. आता जी चरित्रे सांगणार आहोत, त्यांचा सारा मथितार्थ या दोन शब्दांत आहे.

पहिले चरित्र आपल्या मुंबईच्या शंकर आबाजी भिसे यांचे. जन्म १८६७ चा. पोरवयातच घरी कोळशापासून गॅस काढण्याचे यंत्र केले. तरुणपणी मुंबईत विज्ञानाची मंडळी जमविली, मराठीतून शास्त्रीय मासिक चालविले. गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकाच्या शेवटी, पीठ वगैरे वाणसामान आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राचा आराखडा त्यांनी विलायतेतल्या शोधकांच्या एका नियतकालिकाच्या स्पर्धेस पाठविला, आणि इंग्रज स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळविले. दिनशा वाच्छांचे पत्र घेऊन ते लंडनला दादाभाई नौरोजींकडे गेले. दादाभाईंनी त्यांस नुसता आशीर्वाद दिला नाही. स्वतःचे पैसे घातले आणि भांडवलवाले शोधून देण्याची खटपट केली. आजच्या भाषेत सांगायचे, तर भिशांचा उद्योग हा त्या काळचा स्टार्टअप आणि दादाभाई त्याचे पहिले गुंतवणूकदार.

भिशांचे सर्वांत मोठे काम म्हणजे छपाईचे खिळे ओतण्याचे यंत्र. ते ‘भिसोटाइप’ या नावाने ओळखले गेले. खिळे झटपट आणि स्वस्त पडले, तर पुस्तके व वर्तमानपत्रे स्वस्त होतील, हा हेतू. पेटंटे त्यांनी वेळच्या वेळी घेतली; कागदाच्या बाबतीत हा मनुष्य गाफील नव्हता. अडले ते भांडवलापाशी. इंग्लंडचे समाजवादी पुढारी हाइंडमन यांनी १५,००० पौंड उभे करून देण्याचे मनावर घेतले. समाजवादी पुढाऱ्याने भांडवल गोळा करावे, यात आम्हांस आमचेच प्रतिबिंब दिसून हसू येते. पण शेवट हसण्यासारखा झाला नाही. १९०७ च्या डिसेंबरात हाइंडमन यांनी हात टेकले. भिशांनी कारखाना बंद केला आणि परतीची बोट धरली. बोटीवर गाठ पडली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांची! गोखल्यांनी रतन टाटांकडे शब्द टाकला, आणि १९१० साली टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट उभे राहिले. तेही फार वर्षे टिकले नाही. १९१६ च्या सुमारास भिसे अमेरिकेस गेले, तेथे खिळ्यांच्या यंत्राचे आणि आयोडीनच्या एका औषधाचे काम केले, आणि १९३५ साली न्यूयॉर्कला वारले. त्यांना ‘हिंदी एडिसन’ म्हणत. आज वसईत किती जणांस हे नाव ठाऊक आहे, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

भिशांच्या या कथेवरून ‘गरिबाला कोणी विचारीत नाही’ असे सुभाषित काढणे सोपे आहे. पण दादाभाई, गोखले, टाटा हे ज्याच्या पाठीशी, त्यास कोणी विचारीत नव्हते असे कसे म्हणावे? खरी मेख मुदतीत आहे. त्या काळी इंग्लंडात पेटंटाची मुदत १४ वर्षांची असे. पेटंट म्हणजे पेटविलेली मेणबत्ती. उजेड पडो न पडो, ती जळतच असते. १९०२ च्या आसपास सुरू झालेल्या कामाला १९१० साली भांडवलाचा भक्कम आधार मिळाला, म्हणजे ऐन उमेदीची आठ वर्षे पैशाच्या शोधात गेली. तोवर लायनोटाइप आणि मोनोटाइप या यंत्रांनी छापखान्यांत बस्तान बसविले होते. म्हणून नव्या उद्योजकाने पहिला धडा घ्यावा तो असा, की हक्काचा कागद, पैसा आणि गिऱ्हाईक यांचे वेळापत्रक एकत्र मांडावे. पेटंट हाती आले म्हणजे धंदा उभा राहिला, हा समज भाबडा आहे.

भांडवल वेळेवर मिळाले म्हणजे सारे सुरळीत होते काय? त्यासाठी दुसरे चरित्र पाहू, त्याच खिळ्यांच्या धंद्यातले. लायनोटाइपचा जनक ओटमार मर्गेनथालर हा जर्मनीतून अमेरिकेस गेलेला घड्याळजी, म्हणजे हाताने काम करणारा आमच्यातलाच. १८८६ साली त्याचे यंत्र न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात चालू झाले आणि जगभर ओळी धडाधड ओतल्या जाऊ लागल्या. त्यास भांडवल मिळाले ते वर्तमानपत्रवाल्यांच्या मंडळाचे. पण यंत्र अजून सुधारावे असे शोधकाचे म्हणणे, ते ताबडतोब विकावे असे भांडवलाचे. कंपनीचा ताबा ज्यांच्याकडे, त्यांचे चालले. १८८८ साली मर्गेनथालरने आपल्याच यंत्राच्या कंपनीतली जागा सोडली, आणि १८९९ साली क्षयाने तो गेला. यंत्र अमर झाले. यंत्रवाला बाजूस पडला.

वसईकरांस हे समजावून सांगण्यास अमेरिकेस जाण्याची गरज नाही. आपल्याच गावाच्या नावाने इतिहासात एक करार प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पराभव केल्यावर दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस इंग्रजांशी तह करून मोकळे झाले. गादी परत मिळाली. मोबदल्यात इंग्रजांची कायमची फौज पदरी आली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला, आणि परराज्यांशी स्वतंत्रपणे बोलण्याचा अधिकारही गेला. पेशवे राहिले, पेशवाई राहिली नाही. अडचणीतल्या माणसाने घाईने सही केली की काय होते, याचा हा धडा आमच्या मातीवर लिहिला गेला आहे. आज एखादा तरुण गुंतवणूकदाराच्या पैशासाठी आपल्या शोधाचे सारे हक्क कायमचे लिहून देतो, तेव्हा तो आणखी एक वसईचा तह करीत असतो. देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. काय दिले, किती वर्षांसाठी दिले, आणि धंदा न चालल्यास ते परत कोणाकडे येईल, ही तीन वाक्ये कागदावर आहेत की नाहीत एवढे पाहावे.

आता ‘लिहून’ या शब्दाकडे येऊ. प्रेसवर बोट कापले की गाळ्यात आजही प्रथम हळद शोधतात. याच हळदीवर, जखम भरून येण्यासाठी तिचा वापर म्हणून, १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास पेटंट मिळाले! आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्याच्या माशेलचे आणि मुंबईत गरिबीत शिकलेले. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढे सांगून भागले नाही. जुने संस्कृत ग्रंथ पुढे ठेवावे लागले, भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ सालचा लेख पुढे ठेवावा लागला. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कोट्यवधी घरांतल्या अनुभवाने जे सिद्ध झाले नसते, ते तारीख असलेल्या छापील पानांनी सिद्ध झाले.

हीच तलवार उलटही फिरते. जे आधी उघड झाले त्यावर दुसऱ्यास पेटंट मिळत नाही; तसेच काही थोडे अपवाद सोडले, तर ते आपल्यालाही मिळत नाही. आमच्या गाळ्याच्या मालकाने सरक प्रदर्शनात मांडली, त्याच दिवशी त्याने तिच्यावरचा दावा स्वतःच्या हाताने जवळजवळ संपविला. म्हणून क्रम असा : आधी अर्ज, मग कौतुक. शोध पुरा झाला नसला तरी तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज करून तारीख पदरात पाडता येते. पुरा तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी ‘स्टार्टअप इंडिया’ची घोषणा केली, तेव्हापासून नवउद्योगांस फीची मोठी सवलत मिळाली आहे. मोठ्या कंपनीस ऑनलाइन अर्जास जेथे ८,००० रुपये पडतात, तेथे एकट्या शोधकास, स्टार्टअपला व लघुउद्योगास १,६०० पडतात. वकिलाचा खर्च वेगळा, हे खरे. पण मुंबईचे पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे. वसईहून लोकल धरून जाणाऱ्यास ते काही सातासमुद्रापलीकडे नाही.

प्रत्येक युक्तीस पेटंटच हवे असेही नाही. वस्तूच्या आकारात नवेपणा असेल तर डिझाइनची नोंदणी आहे. मालाच्या नावात पत असेल तर व्यापारचिन्ह आहे. ते दर १० वर्षांनी नूतनीकरण करीत कितीही काळ टिकते. लहान धंद्याने बहुधा नावापासूनच आरंभ करावा, कारण युक्ती जुनी होते, नाव जुने झाले की वाढते. आणि काही गोष्टी घरात गुप्त ठेवण्यातच शहाणपण असते. आगाशीकडे राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. उन्हाचा अंदाज ज्या हातांना आहे, तो कोणत्याही अर्जात लिहून देता येत नाही.

काही हक्क तर एकट्याचे नसतातच. आपल्या पालघर जिल्ह्यात वारली चित्रकलेस २०१४ साली, डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली आणि वाडा कोलम तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाचा मालक कोणी एक शेठ नाही. त्या मुलखात नियमाने तो माल पिकविणारे वा घडविणारे सारे त्यात वाटेकरी होऊ शकतात. आमच्या भाषेत बोलायचे तर ही युनियनची मालमत्ता आहे, आणि युनियनप्रमाणेच सभासद जागे राहतील तोवरच ती टिकेल.

अखेरीस मेस्त्रीकडे परत येतो, कारण आमचा खरा वाद तेथे आहे. नवउद्योगांवर जी भाषणे होतात, त्यांत शोध लावणारा आणि धंद्याचा मालक एकच असे गृहीत धरलेले असते. वसईच्या गाळ्यांत तसे नसते. तेथे धंदा एकाचा असतो आणि युक्ती पुष्कळदा दुसऱ्याच्या हातात असते. त्या हाताचा हक्क काय? जर्मनीने १९५७ साली नोकरदारांच्या शोधांसाठी स्वतंत्र कायदा केला. मालकाने शोध घेतला तर कामगारास वाजवी मोबदला द्यावा असे त्यात आहे. जपानात शुजी नाकामुरा यांनी निळ्या प्रकाशाच्या दिव्याचा शोध लावला, तेव्हा कंपनीने त्यांस बक्षीस दिले २०,००० येनचे. त्यांनी फिर्याद केली. २००४ साली टोकियोच्या न्यायालयाने २० अब्ज येन द्यावेत असा निकाल दिला, आणि २००५ साली सुमारे ८४ कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ साली त्यांस नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. १९७० च्या कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे खऱ्या शोधकास पेटंटात आपले नाव नमूद करून घेता येते. मात्र नुसत्या नावाने मालकी येत नाही, हेही तेच कलम सांगते. मालकास अर्ज करायचा तर शोधकाकडून हक्क मिळाल्याचा पुरावा जोडावा लागतो. हा पुरावा म्हणजे पुष्कळदा नेमणुकीच्या दिवशी, न वाचता कागदावर केलेली सही.

येथे आम्हांस आमच्या वडीलधाऱ्यांची कूळकायद्याची लढाई आठवते. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा झाली, कायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. तरी अनेक कुळांच्या हातून जमीन गेली, कारण पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरूनही सातबाऱ्यावर, पीकपाहणीच्या रकान्यात त्यांचे नाव नव्हते. घाम होता, नोंद नव्हती. गाळ्यातल्या कामगाराची आज तीच गत आहे.

यात मालकाचेही हित नाही, हे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्यास ठाऊक आहे की आपली युक्ती आपल्या नावावर लागणार नाही, तो ती मनातच ठेवतो, किंवा दुसऱ्या गाळ्यात घेऊन जातो. उलट जेथे शोधवही ठेवली आहे, तिच्यात तारीख, रेखाटन आणि करणाऱ्याची सही आहे, आणि मिळकतीतला वाटा आधी ठरला आहे, तेथे मालकाचा दावाही बळकट होतो. ज्या कागदाने कामगाराचे नाव टिकते, त्याच कागदाने मालकाचा हक्क टिकतो. १९९८ साली त्या गाळ्यात असे एक चार आण्यांचे पान असते, तर शेजाऱ्यास सरक उचलण्याचे धाडस झाले नसते, निलंबन झाले नसते, आणि आमचे पेढेही वाचले असते.

हल्ली आमच्या प्रत्येक मागणीपत्रात पगारवाढ, बोनस, रजा यांच्याखाली एक कलम असते : कामगाराने केलेल्या सुधारणेची लेखी नोंद व्हावी, तिच्यावर त्याचे नाव असावे आणि तिच्या फायद्यात त्याचा वाटा असावा. बहुतेक मालक ते वाचून हसतात आणि खोडतात. काहींनी आता ते ठेवले आहे.

तो मेस्त्री निवृत्त होऊन गावी गेला. त्याची सरक मात्र सुधारून, बदलून अजून कितीतरी गाळ्यांत चालते, आणि तिच्यामुळे कितीतरी बोटे शाबूत आहेत. ती चालविणारी पोरे विचारतात, ही कोणी काढली? आम्ही त्यांस नाव सांगतो. परंतु ते फक्त आमच्या तोंडी आहे. कागदावर ते कोठेच नाही.